मुलांच्या फुटबॉल मॅचला आईबापांनीच रेफ्री व्हावं का? (नाशिक)

पाथर्डीफाटा_आई

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

माझा मुलगा अकरा वर्षांचा. इंदिरानगरच्या बाजूला एका मोकळ्या मैदानावर रविवारी सकाळी मुलांच्या मॅचेस होतात. लीग म्हणायची ती आमच्या समाधानासाठी. चार-पाच सोसायट्यांच्या टीम, दहाखालचे आणि बाराखालचे असे दोन गट, सात-सात जण, वीस-वीस मिनिटांचे दोन हाफ. आदल्या संध्याकाळी कोणीतरी फक्की मारतं, नाही मारली तर चपला ठेवून डी, म्हणजे गोलसमोरचा चौकोन, ठरते. आतापर्यंत कोच सर ओळखीतल्या एका मुलाला बोलवायचे. तो कॉलेजकडून खेळतो, पेट्रोलचे पैसे घेऊन सकाळच्या सगळ्या मॅच घ्यायचा. आता तो येत नाही. का येत नाही ते आम्हा सगळ्यांना माहीत आहे, ग्रुपवर मात्र कोणी लिहीत नाही. एका मुलाच्या वडिलांनी मोबाइलवरचा व्हिडिओ त्याच्या तोंडासमोर धरून 'हे बघ, पाय कुठे लागलाय' म्हणत हाफ टाइमभर त्याची हजेरी घेतली. विशीतलं पोरगं. मॅच पूर्ण केली, शिट्टी सरांच्या हातात दिली आणि गाडीवर बसून गेलं ते गेलंच.

सरांनी परवा ग्रुपवर टाकलं की प्रत्येक टीमने दोन पालक द्यावेत, तेच रेफ्री आणि तेच लाइनला. त्यावर ढीगभर अंगठे आले, नाव एकाचंही नाही.

मी नाव द्यावं म्हणते. शाळेत असताना जिल्ह्यापर्यंत खो-खो खेळलेय, पुढे शाळांच्या स्पर्धांना पंच म्हणूनही उभी राहिलेय, त्यामुळे शिट्टीची भीती नाही. पण खो-खोत रेषा ओलांडली की ओलांडली, डोळ्यांना दिसतं. इथे दोन पोरं एकमेकांत अडकून पडतात आणि दोघंही हात वर करून फाउल मागतात.

घरात म्हणतात नसती ब्याद कशाला. नवऱ्याचं म्हणणं, बाई रेफ्री दिसली की तोच व्हिडिओवाला दुप्पट आवाज चढवेल. खरी अडचण वेगळीच आहे. माझाच मुलगा त्यात खेळतो, तोही बॅकला, म्हणजे फाउल करणाऱ्यांत पहिला नंबर त्याचाच. त्याच्यावर पेनल्टी दिली तर दुपारी जेवायचा नाही, नाही दिली तर समोरच्या टीमच्या आया मला सोडायच्या नाहीत. नियम नेमके किती यायला हवेत? ऑफसाइडचे व्हिडिओ पाहून पाहून अर्धाच डोक्यात शिरलाय. आणि कोणाला लागलं, रक्त आलं, तर ते माझ्यावर येणार का?

ज्यांनी हे केलंय त्यांनी सांगा. 'मुलांना खेळाचा आनंद घेऊ द्या' छापाची उत्तरं नकोत, ती रोज गुड मॉर्निंगच्या फुलांसोबत येतात.

सिडकोकर

ताई, स्पष्ट सांगतो, पडू नका यात. फुकट काम करणाऱ्याला आपल्या गावात किंमत नाही. पोरामागे थोडे थोडे पैसे काढा आणि शालेय स्पर्धांना जे रेफ्री असतात त्यांतला एखादा बोलवा. पैसे घेतलेला माणूस वेळेवर येतो. पोरांच्या बुटांना तीन-तीन हजार घालतील, पण रेफ्रीचे पाचशे काढा म्हटलं की सगळ्यांचं एकदमच नेट जातं.

जेलरोड_काका

सिडकोकर, वाचा नीट. पेट्रोलचे पैसे घेणाऱ्यालाच त्यांनी पळवून लावलंय.

ताई, द्या नाव. मी प्रेसमध्ये नोकरीला. दोन्ही मुली फुटबॉल खेळल्या, थोरली आता पुण्यात शिकते, धाकटी अजून खेळते. नाशिकरोड-देवळालीकडच्या सकाळच्या मॅचेसना शिट्टी मारायला लागलो तो असाच, दुसरं कोणी नव्हतं म्हणून. तेव्हा जे सांगतो ते मैदानावरचं आहे.

स्वतःच्या मुलाचं आधी. तो बाराखालच्यांत आहे ना, मग तुम्ही दहाखालच्या मॅच घ्या आणि दहावाल्यांच्या पालकांना बाराच्या द्या. निम्मं दुखणं तिथेच गेलं. अदलाबदल जमलीच नाही तर टॉसच्या वेळी दोन्ही कोच आणि दोन्ही कॅप्टनसमोर मोठ्याने सांगायचं, 'तो चार नंबर माझा मुलगा.' लपवलं तर दुसऱ्या फाउलला बाहेर येतंच, आणि मग तुम्ही दिलेल्या साध्या थ्रोवरही लोक शंका घेतात. तुम्हाला वाटतंय आपण मुलाला झुकतं माप देऊ. बहुतेक आईबाप उलटंच करतात हो. समोरच्यांना आपला प्रामाणिकपणा दाखवायला पोराचे नसलेले फाउल काढतात. त्या पोराच्या तोंडाकडे मग बघवत नाही. माझी धाकटी माझ्या मॅचमध्ये असली की मला 'सर' म्हणते. मी सांगितलं नव्हतं, तिचं तिनेच ठरवलं. आणि घरी आल्यावर जेवणं उरकेपर्यंत मॅचचा विषय काढायचा नाही, हा तिच्या आईचा नियम. फुटबॉलचे नियम सतरा, हा अठरावा, आणि सगळ्यांत कडक.

आता मॅचच्या आधीचं काम. लोक हे सोडून देतात आणि नेमकं हेच तुमच्या हातात असतं. दोन्ही टीम रांगेत उभ्या करा आणि एकेकाला बघा. शिनगार्ड, म्हणजे नडगीवरचे पॅड, आहेत का आणि ते मोज्याच्या आत आहेत का. बुटांच्या लेस. मग गळा, मनगट, कान. नियम चौथा सांगतो की अंगावर कुठलाही दागिना चालत नाही, वरून चिकटपट्टी लावून झाकला तरी नाही. आपल्याकडे दागिना म्हणजे फक्त सोनं नव्हे. कडं, काळा दोरा, ताईत, देवाचा गंडा, आणि राखीपौर्णिमेनंतरच्या रविवारी तर कोपरापर्यंत राख्या. दहाखालच्यांत एक मुलगी होती, तिच्या कानात सोनाराने तार पिळून बसवलेले डूल. आजी थर्मास घेऊन लाइनवर उभी. 'काढायचे नाहीत, भोक बुजतं,' म्हणाली. मी म्हटलं आजी, बुजलं तर परत टोचता येईल, बॉल लागून कानाची पाळी फाटली तर शिवावी लागेल. पोरगी रडायला आली, कोच माझ्यावर डोळे वटारतोय, समोरची टीम म्हणते खेळू द्या काका. नाही दिलं खेळू. पहिला हाफ आजी तोंड फिरवून बसली होती. हाफ टाइमला तिनेच बाटलीतलं पाणी आणि कोणाच्या तरी पर्समधला साबणाचा कागद मागितला, कान ओला केला, केसांच्या पिनेने तारेचं टोक हळूहळू उलगडलं, दोन्ही डूल पदराच्या टोकाला गाठ मारून ठेवले आणि नातीला मैदानात ढकललं. तेव्हापासून त्या टीमची पोरं अंगावरचं सगळं घरी काढूनच येतात. मला काही बोलावं लागत नाही.

नियम किती यायला हवेत? नियमांचं पुस्तक आयएफएबी काढते, फुटबॉलचे नियम ठरवणारी ही संस्था १८८६ सालची. मोबाइलवर फुकट मिळतं. लहान मुलांसाठी मैदान, बॉल, वेळ कमी करायची आणि बाहेर गेलेल्या खेळाडूला परत आत घ्यायची सोय त्यातच दिलेली आहे, तेव्हा 'हे काय गल्लीतले नियम' असं कोणी म्हणालं तर दाखवता येतं. भांडणं मात्र ठराविक चार-पाच जागीच होतात. तेवढं पाठ करा.

गोलकिक, म्हणजे समोरच्यांनी बॉल आपल्या गोललाइनबाहेर घालवला की आपण गोलजवळून मारतो ती किक. २०१९ पासून बॉल डीच्या बाहेर जायची गरज नाही, पाय लागून हलला की खेळ सुरू. समोरच्यांनी तेवढं डीबाहेर थांबायचं. आमच्या पिढीचे वडील हमखास ओरडतात, 'बॉल बाहेर आलाच नाही, परत घ्या!' हसायचं आणि पुढे जायचं. बॅकपास, म्हणजे आपल्याच खेळाडूने पायाने मुद्दाम दिलेला बॉल गोलीने हातात घेणं, १९९२ पासून बंद. त्याला इनडायरेक्ट फ्री किक (जिच्यावरून थेट गोल धरत नाहीत), पेनल्टी नाही. गोली बॉल हातात धरून बसला तर २०२५ पासून आठ सेकंदांची मर्यादा, त्यापुढे समोरच्यांना कॉर्नर. तुमच्या पोरांना टीव्हीवर बघून हे माहीत असणार आणि आईबापांना नसणार, म्हणजे 'कॉर्नर कशाचा?' म्हणून गलका होणारच. दहाखालच्यांना मी आधी तोंडाने सांगतो, 'सोड रे बाबा आता.'

हॅन्ड. यावर तर सगळं मैदान रेफ्री असतं. हाताला बॉल लागला म्हणजे हॅन्ड झाला असं नाही. हात मुद्दाम बॉलकडे नेला, किंवा हात पसरून अंग उगाच मोठं केलं, तर फाउल. खांदा त्यात धरत नाहीत, काखेच्या खालच्या रेषेपासून पुढचा हात धरतात. लहान मुलं तोंड वाचवायला हात वर करतात, तिथे मी शिट्टी वाजवत नाही. बाहेरून 'हॅन्ड, हॅन्ड' ओरडू देत.

ऑफसाइड. पास देणाऱ्याच्या पायाला बॉल लागतो त्या क्षणी नजरेने फोटो काढायचा. पुढचा पोरगा समोरच्यांच्या हाफमध्ये आहे का, बॉलच्या पुढे आहे का, आणि त्याच्या व गोललाइनच्या मध्ये समोरचे दोघं आहेत का. गोली धरून दोघं, ते नसतील तर ऑफसाइड. शेवटून दुसऱ्याच्या बरोबरीत असेल तरी चालतं. हात मोजायचे नाहीत. बॉल त्याच्यापर्यंत पोचला तेव्हा तो कुठे होता, ते विसरून जा. सगळा घोळ तिथेच होतो. थ्रो, गोलकिक, कॉर्नरवरून थेट बॉल मिळाला तर ऑफसाइड नाही. नुसता उभा असेल आणि खेळात आलाच नाही, तर त्यालाही शिट्टी नाही. दहाखालच्यांना ऑफसाइड लावूच नका. बारा वर्षांखालच्यांना लावा, नाहीतर एखादा हुशार पोरगा अख्खी मॅच समोरच्या गोलीशेजारी उभा राहून काढतो.

लागण्याचं. किरकोळ असेल तर खेळ चालू ठेवायचा, जास्त वाटलं तर ताबडतोब थांबवायचा. मुलांच्या बाबतीत मी 'जास्त'ची व्याख्या सैल ठेवतो. रक्त दिसलं की पोरगं बाहेर. थांबल्याचं बघितल्याशिवाय आत नाही. डोक्याला डोकं लागलं, किंवा पोस्टवर डोकं आपटलं, तर त्या दिवशीचा खेळ संपला. पोरगं म्हणेल मी ठीक आहे, बाप म्हणेल काही झालं नाही, कोच म्हणेल दोनच मिनिटं राहिलीत. कोणाचंही ऐकायचं नाही. परत सुरू करताना बॉल ज्यांच्याकडे होता त्यांनाच द्यायचा, बाकीचे चार मीटर लांब. दुखापतीसाठी रेफ्रीला जबाबदार धरायचं नाही असं त्या पुस्तकात आहे, पण ते खेळाचं पुस्तक, कायद्याचं नव्हे. म्हणून पालकांच्या सह्या घेणं, फर्स्टएडची पेटी ठेवणं आणि जवळच्या दवाखान्याचा नंबर हाताशी ठेवणं हे आयोजकांकडून आधी करून घ्या. पेटी दिसली नाही तर मॅच सुरू करू नका.

ओरडणाऱ्या बापांवर माझा उपाय एकच, मी लांब उभा असतो. बाकीच्यांनी सांगावं.

सातपूरचा_कोल्हापुरी

काकांनी शेवटचं माझ्यासाठीच सोडलंय. मी मूळचा कोल्हापूरचा, पोटापाण्यासाठी सातपूर एमआयडीसीत. आमच्याकडं फुटबॉल म्हणजे काय ते इकडच्या माणसाला सांगून कळत नाही. पाटाकडील, शिवाजी, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, हे आमचे तालमींचे संघ, एकेक तालीम म्हणजे एकेक पेठ. शाहू स्टेडियमवर मॅच असली की दुकानाचं शटर अर्ध्यावर. २०१७ च्या अंडर सतरा वर्ल्डकपमध्ये भारताकडून आमच्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव खेळला, तो काय आभाळातून पडला नव्हता. तिथं रेफ्रीला प्रेक्षकांकडून काय काय ऐकावं लागतं ते इथं लिहिण्यासारखं नाही. तेवढ्या शिव्या ऐकलेल्या माणसाला तुमच्या इंदिरानगरच्या वडिलांचा आवाज म्हणजे भजनच.

तरी सांगतो. पहिलं, सगळी पालक मंडळी एका बाजूला, दोन्ही कोच आणि बदली पोरं दुसऱ्या बाजूला. गोलच्या मागं कोणी नाही, मोबाइल घेऊन तर अजिबात नाही. लाइनपासून दोन पावलं मागं साधी सुतळी बांधा. सुतळीनं कोण अडत नाही, पण ओलांडताना माणूस खाली बघतो, तेवढ्यात राग जरा उतरतो. इंग्लंडमध्ये त्यांच्या फुटबॉल असोसिएशननं २००८ ला रिस्पेक्ट मोहीम काढली, त्यातही लाइनला असंच कुंपण करून प्रेक्षक मागं घेतले.

दुसरं, रेफ्रीशी फक्त कॅप्टन बोलणार. २०२४ च्या युरो कपला मोठमोठ्या खेळाडूंना हे लावलं, मग आपल्या पोरांना का नाही? पोरं पटकन शिकतात. आणि कॅप्टन दर मॅचला बदला म्हणजे बुजऱ्या पोरालापण तोंड उघडावं लागतं.

तिसरं म्हणजे त्या व्हिडिओवाल्या साहेबांना लाइनचा फ्लॅग द्या. चेष्टा नाही करत. एवढ्या बारकाईनं बघणारा माणूस फुकट का घालवायचा? काम एकच द्यायचं, बॉल बाहेर गेला की फ्लॅग वर. ऑफसाइड नाही, फाउल नाही. जगभर क्लबच्या माणसाला लाइनला उभं करतात तेव्हा बहुतेक एवढंच देतात. फ्लॅग हातात असला की मोबाइल खिशात जातो, दोन्ही एकदम धरता येत नाही. आणि लाइनवर पळून दम लागला की आवाज आपोआप खाली येतो.

बाई रेफ्री म्हणून आवाज चढवेल म्हणता, तर चढवू दे एकदा. त्याला ओरडून उत्तर देऊ नका. खेळ थांबवा, त्यांच्या कोचला बोलवा आणि कोचला सांगा, 'यांना शांत करा, मग सुरू करू.' घड्याळ बंद करून हाताची घडी घालून उभं राहायचं. बाकीचे पालकच त्याला गप्प करतात, कारण सगळ्यांना नंतर मिसळ खायला जायचं असतं.

पंचवटीची_फ्रेमाँटमध्ये

माहेर पंचवटीचं, आता कॅलिफोर्नियात. इथे हा प्रश्न कोणाला पडतच नाही, कारण मुलांच्या लीगमध्ये रेफ्री म्हणजे कोणाचे तरी आई किंवा बाबा असंच चालत आलंय. एवायएसओ नावाची संस्था १९६४ मध्ये इथल्याच टॉरन्स शहरात सुरू झाली, तिचा सगळा गाडाच पालकांच्या स्वयंसेवेवर चालतो. माझा नवरा, जन्मभर नाशिकच्या गोल्फ क्लब मैदानावर क्रिकेट खेळलेला माणूस, पिवळा टीशर्ट घालून शनिवारी शिट्टी मारतो. आधी कोर्स करावा लागतो, पार्श्वभूमीची तपासणी होते, आणि प्रत्येक मुलाला निदान अर्धी मॅच खेळायला मिळालीच पाहिजे हा नियम. ओरडणारे आईबाप इथेही आहेत बरं का. फक्त इंग्रजीत ओरडतात.

त्याच्या कोर्समध्ये कळलेली एक गोष्ट काकांना आवडेल. पिवळं आणि लाल कार्ड ज्यांच्या डोक्यातून आलं ते केन अॅस्टन इंग्लंडमधले शाळामास्तर. १९६२ च्या वर्ल्डकपमध्ये चिली आणि इटलीची ती हाणामारीची मॅच त्यांच्याच शिट्टीखाली झाली. १९६६ ला इंग्लंड-अर्जेंटिना मॅचमध्ये कोणाला ताकीद मिळाली तेच कोणाला कळेना, त्यानंतर गाडी चालवताना सिग्नल बघून त्यांना रंगांची कल्पना सुचली. १९७० च्या वर्ल्डकपपासून कार्डं आली. आणि हा एवढा मोठा माणूस पुढे कितीतरी वर्षं एवायएसओच्या आईबाप रेफ्रींना शिकवायला येत असे.

अजून एक. इथे २०१५ मध्ये दहा आणि त्याखालच्या मुलांना हेडिंग, म्हणजे डोक्याने बॉल मारणं, बंद केलं. तुम्हीही करून टाका, कोणाची परवानगी लागत नाही.

कोच_गंगापूररोड

मी मुलांना शिकवतो, त्यामुळे दुसऱ्या बाजूने लिहितो. २०१७ ला तो अंडर सतरा वर्ल्डकप आपल्याकडे आला, नवी मुंबईत मॅच होत्या, त्याआधी १५ सप्टेंबरला राज्यभर शाळाशाळांतून मुलांना फुटबॉल खेळायला उतरवलं. शाळांना बॉल वाटले. रेफ्री कोणी वाटले नाहीत. तेव्हापासून पोरं वाढली, क्लास वाढले, टर्फ तर गल्लोगल्ली झाली, आणि शिट्टी मारणारे तेच मूठभर, तेही शालेय स्पर्धांच्या मोसमात मोकळे नसतात. सिडकोकर म्हणतात तसा माणूस पैसे देऊनही दर रविवारी मिळत नाही, हा माझा अनुभव. तेव्हा ताईंसारखे पालक तयार झाले तर मला हवेच आहेत.

पण काकांशी एका गोष्टीत जमत नाही. सात जणांच्या मॅचला बारा वर्षांखाली ऑफसाइड लावू नका. लाइनला नवखे पालक, रेफ्री नवखी, एवढंसं मैदान. निम्मे निर्णय चुकणार, आणि पोरं ऑफसाइड शिकण्याऐवजी हात वर करून थांबायला शिकणार. गोलीशेजारी उभा राहणारा पोरगा हा कोचचा प्रश्न आहे, रेफ्रीचा नाही. मी असतो तर त्याला खाली बोलावून घेतो.

कार्डांचंही सांगतो. दहा वर्षांच्या मुलाला लाल कार्ड दाखवू नका. मुलांच्या खेळात तात्पुरतं बाहेर बसवायची मुभा नियमातच आहे, एकूण वेळेच्या दहा ते पंधरा टक्के. तुमची मॅच चाळीस मिनिटांची, म्हणजे चार ते सहा मिनिटं. तेवढ्यात पोरगं पाणी पितं, शांत होतं, परत येतं. त्याहून लहान असेल तर कोचकडे बघून नुसतं 'याला जरा बदला' म्हणा, कळतं आम्हाला.

जेलरोड_काका

सर, तुमच्यासारखा कोच असेल तर ठीक. इकडचे कोचच त्या पोराला गोलीशेजारी उभं करतात आणि वर ओरडतात, 'तिथेच थांब!' मी ऑफसाइड लावणार.

कोच_गंगापूररोड

मग तुमच्याकडे मॅच ठेवूच एकदा. शिट्टी तुमची, लाइनला मी.

पाथर्डीफाटा_आई

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं.

नाव दिलं. दहाखालच्या दोन मॅच माझ्याकडे, आणि त्या बदल्यात दहावाल्या एका मुलाचे बाबा बाराखालच्यांना शिट्टी मारणार. त्यांनी 'माझं गुडघ्याचं दुखणं आहे, पण चालेल' असं म्हणत होकार दिला. बायकोने दिला असावा. ऑफसाइड नाही, हेडिंग नाही, सुतळी बांधायची, हे सरांनी ग्रुपवर टाकलं. पेटी आमच्या सोसायटीच्या ऑफिसात धूळ खात होती, आतलं आयोडीन कधीच संपलेलं, ते भरून घेतलं. फ्लॅगबद्दल सरांनी त्या वडिलांना फोन केला. आधी म्हणाले वेळ नाही, मग म्हणाले फ्लॅग कोणत्या हातात धरायचा असतो?

कानातल्यांचा मेसेज मी स्वतः टाकला. त्यावर लगेच एका आईचा फोन. त्यांच्या मुलाच्या दंडात गावाकडच्या देवाचा दोरा आहे, तो कापायचा नसतो. मी म्हटलं गाठ सोडवून खिशात ठेवू, नंतर परत बांधू. त्या सासूबाईंना विचारून सांगणार आहेत.

आता एकच विचारायचं राहिलं. शिट्टी कुठली घेऊ? खो-खोची जुनी आहे घरात, आत मणी असलेली.

सिडकोकर

मी अजूनही म्हणतो पैसे देऊन माणूस आणा. पण रविवारी मोकळा आहे, लाइनला कोणी कमी पडलं तर कळवा.

जेलरोड_काका

मण्याची नको. पावसात ओली झाली की मणी अडकतो आणि नुसती फुंकर निघते, बरोबर पेनल्टीच्या वेळी. बिनमण्याची घ्या. फॉक्स ४० म्हणून येते ती त्यासाठीच काढलेली. मणी अडकून ऐन मॅचमध्ये शिट्टी वाजली नाही म्हणून कॅनडातल्या एका बास्केटबॉलच्या रेफ्रीने वैतागून ती बनवून घेतली, १९८७ पासून बाजारात आहे. आपल्याकडे स्पोर्ट्सच्या दुकानात तशीच दिसणारी स्वस्तातलीही मिळते, मुलांच्या मॅचला तीही चालते. दुकानात वाजवून बघा, दुकानदार चिडला तरी.

तोंडात धरून पळू नका, दोरी बोटांना गुंडाळून हातात ठेवा. तोंडात असली की डोळ्यांनी नीट बघायच्या आत वाजते. हातातून तोंडाशी न्यायला जो क्षण लागतो त्यात कळतं की फाउल होता का पोरगं नुसतंच घसरलं, आणि बॉल त्यांच्याच टीमकडे असेल तर खेळ चालू ठेवता येतो. एकदा वाजली की मात्र मागे घ्यायला जाऊ नका. चुकलं असं तुमचं तुम्हालाच वाटलं तर खेळ परत सुरू व्हायच्या आधी बदलता येतं, सुरू झाल्यावर नाही. वाजवताना जोरात वाजवा. पिचकी शिट्टी ऐकली की पोरं थांबत नाहीत, बाप मात्र सुरू होतात.

आणि दोन घ्या. एक कोणाचं तरी पोरगं घेऊन जातंच.